तालमहोत्सवाची संध्याकाळ : वाचकांचे प्रश्न

तालवाद्यांच्या महोत्सवात दिवसभर कार्यशाळा चालतात आणि दिवेलागणीनंतर देशोदेशीच्या वादक-नर्तकांचे कार्यक्रम होतात. या संध्याकाळच्या कार्यक्रमांविषयी वादकांनी, संयोजकांनी आणि निव्वळ ऐकायला जाणाऱ्यांनी पाठवलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : दुपारच्या कार्यशाळेत खणखणीत वाजणारा जेंबे संध्याकाळी मंचावर नेला की बसका वाटतो. वाद्यात खोट आहे की आमच्या हातात?

दोन्हींत नाही. हवा बदललेली असते. जेंबे म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला हाताने वाजवायचा ढोल. त्याचं पान शेळीच्या कातड्याचं असतं. कातडं हवेतला ओलावा शोषून घेतं, थोडं फुगतं, जड होतं आणि ताण सोडतं. त्यासाठी हवेत नव्याने पाणी यावं लागत नाही. दुपारी तापमान ३० अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल, तर तीच हवा २० अंशांवर उतरली की आर्द्रता सुमारे ७३ टक्क्यांवर जाते. उघड्यावरच्या मंचावर हा बदल सूर्य मावळताना दोन-तीन तासांत होतो आणि कार्यक्रमाची वेळ नेमकी तीच असते.

खूण ओळखायला सोपी आहे. आधी स्लॅपची, म्हणजे कडेवरच्या तीक्ष्ण थापेची, धार जाते आणि स्लॅप व टोन (कडेवरची मोकळी, गोल थाप) यांतला फरक पुसट होतो. बास, म्हणजे पानाच्या मध्यावरची खोल थाप, बराच वेळ टिकतो. वादक गेलेली धार हाताच्या जोराने भरून काढू पाहतात, बोटं सुजतात आणि लय पुढे पळते.

उपाय दुपारीच सुरू करायचा. कार्यशाळा संपल्यावर जेंबेला कापडी टोपी घालून तो सावलीत, जमिनीपासून वर ठेवावा. गवतावर तर मुळीच ठेवू नये. मंचावर जायच्या अर्धा-पाऊण तास आधी पानाला ऊब द्यावी. पश्चिम आफ्रिकेत हे काम गवताच्या किंवा काटक्यांच्या जाळावर करतात, विंगेत हीटर चालतो. हीटर साधारण मीटरभर लांब ठेवावा, पान त्याच्याकडे कलतं धरावं आणि दर अर्ध्या मिनिटाला वाद्य फिरवत राहावं. तळहात पानावर आरामात टेकवता येत नसेल, तर ऊब जास्त झाली. मधूनमधून कडेने बोटाने टिचकी मारत सगळीकडचा आवाज ऐकावा. एका बाजूचा चढला आणि दुसरीचा नाही, तर ती बाजू हीटरकडे आणावी.

दोरी ओढून चढवायचा मोह होतो, तिथे जपून. ओढदोरी दोन उभ्या दोऱ्यांखालून पुढे न्यायची, दुसरीवरून वळवून पहिलीखालून काढायची आणि उभ्या दोऱ्या एकमेकींवर चढेपर्यंत ओढायची, हा नेहमीचा मार्ग. पण ओलावलेल्या पानावर अशा पाच-सात गाठी चढवल्या आणि दुसऱ्या दिवशी वाद्य उन्हात राहिलं, तर वाळताना वाढलेला ताण आणि दोरीचा ताण एकत्र होतो आणि पान कडेवरून फाटतं. बंद गाडीत फाटणाऱ्या पानांचं कारणही बहुधा हेच. संध्याकाळी एक-दोन गाठी चढवल्या, तर रात्री वाद्य पिशवीत घालण्यापूर्वी त्या सोडाव्यात.

टायको या जपानी ढोलांपैकी नागादो-दाइको या मोठ्या पिंपाच्या आकाराच्या वाद्याचं पान खिळ्यांनी ठोकलेलं असतं, त्यामुळे ते मंचावर चढवता येत नाही. ओल्या हवेत ते खोल, मऊ बोलतं आणि पथकं ते स्वीकारतात. उंच सुराचा शिमे-दाइको मात्र दोरीने किंवा बोल्टने ताणता येतो, तो प्रवेशाच्या अगदी आधी ताणावा.

प्रश्न : आफ्रिकी नृत्यात दहा-बारा जण एकाच क्षणी पाऊल बदलतात. कोणी मोजताना दिसत नाही, खुणा करताना दिसत नाही. मग बदल ठरतो कसा?

तो मुख्य जेंबे ठरवतो. गिनी आणि माली या देशांतल्या मांडे परंपरेत तळाला तीन दुनुन, म्हणजे काठीने वाजवायचे ढोल, असतात : सर्वांत मोठा दुनुनबा, मधला सांगबान आणि छोटा केनकेनी. वादक एका हातातल्या काठीने पानावर वाजवतो आणि दुसऱ्या हाताने वाद्यावर बांधलेली लोखंडी घंटा. त्यांच्यावर एक-दोन साथीचे जेंबे आपला ठेका न बदलता धरून ठेवतात. मोकळा असतो तो फक्त मुख्य जेंबेवाला. तो नर्तकांच्या पायांवर नजर ठेवून त्यांची पावलं ठसठशीत करतो आणि बदलायची वेळ आली की ठरलेला एक तुकडा वाजवतो. त्याला ब्रेक म्हणतात. नर्तक चालू हालचाल पूर्ण करतात आणि तुकडा संपताच नवं पाऊल पडतं. कथकमध्ये तिहाई सर्वांना समेवर आणून सोडते, तसंच काम इथे ब्रेक करतो. फरक एवढाच की तुकडा सगळ्यांना आधीपासून पाठ असतो आणि तो केव्हा येणार, हे मुख्य वादकाच्या हातात असतं.

हे बिघडतं कुठे? दोन ठिकाणी. पहिलं, वादक पाऊल अर्ध्यात असताना ब्रेक टाकतो. निम्मे नर्तक लगेच बदलतात, निम्मे चालू पाऊल पुरं करतात आणि रांग फुटते. दुसरी चूक मांडणीतली. गावात हे सगळं वर्तुळात चालतं, त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड आणि पाय दिसतात. मंचावर नर्तकांची तोंडं प्रेक्षकांकडे होतात, वादक मागे जातात आणि मुख्य जेंबेवाल्याला फक्त पाठी दिसतात. जाणकार पथकं म्हणूनच त्याला मागच्या रांगेच्या मध्यात उभं करत नाहीत. तो एका कडेला, थोडा पुढे, नर्तकांकडे तिरका वळून उभा राहतो. संयोजकांनी त्याच्या आणि नर्तकांच्या मध्ये स्पीकर, फुलांची सजावट किंवा माइकचा स्टँड येऊ देऊ नये. आमच्या मते संध्याकाळच्या मंचाची सगळी आखणी या एका नजरेच्या रेषेपासून सुरू व्हायला हवी. बाकीचं तिच्याभोवती बसवता येतं.

सगळीकडे सूत्रं वादकाकडेच असतात असं नाही. क्यूबाच्या रुंबा या नाच-गाण्यातला कोलुंबिया हा प्रकार पाहा. तो परंपरेने एकट्या पुरुषाचा नाच. नर्तक खांदा किंवा पाऊल अचानक मारतो आणि किंतो, म्हणजे कोंगा ढोलांपैकी सर्वांत उंच सुराचा, तो क्षण पकडायला धावतो. नर्तक हुलकावण्या देतो आणि वादकाची परीक्षा होते. ग्वाग्वांको या जोडीच्या नाचातही किंतो नर्तकांवर डोळा ठेवून असतो. सेनेगलच्या साबार या ढोल-नृत्यात वादक एका हाताने आणि एका काठीने वाजवतो, नर्तक काही क्षणांपुरता वर्तुळात उडी घेतो आणि त्याच्या शेवटच्या झेपेला ठोका जुळला, तरच ती फेरी जमली असं मानतात. बुरुंडीच्या राजनगाऱ्यांच्या परंपरेत वादक आणि नर्तक वेगळे नसतातच. मधल्या नगाऱ्याभोवती इतर नगारे अर्धवर्तुळात, एकूण संख्या विषम, आणि एकेक जण पुढे येऊन मधल्या नगाऱ्यावर वाजवत झेपा घेतो. बुरुंडीची ही परंपरा २०१४ मध्ये आणि क्यूबाचा रुंबा २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला.

पाहताना एक करून बघा : पाच मिनिटं फक्त मुख्य वादकाचे डोळे पाहा. तो कोणाकडे बघतो, यावरून सूत्रं कोणाकडे आहेत ते कळतं.

प्रश्न : हे कार्यक्रम शेकडो वर्षांपासून जसेच्या तसे चालत आले आहेत का?

ताल आणि पावलं जुनी आहेत, मंचावरचं रूप तरुण आहे. फोदेबा केता यांनी 'ले बाले आफ्रिकें' हे पथक १९५२ मध्ये पॅरिसमध्ये उभं केलं. गिनी स्वतंत्र झाल्यावर ते त्या देशाचं राष्ट्रीय पथक झालं, आणि आज जगभर दिसणारी आफ्रिकी नृत्याची मंचीय मांडणी बरीचशी त्याच वळणाची आहे. अनेक टायकोंचं एकत्र वादन दाइहाची ओगुची या जॅझ ड्रमवादकाने १९५१ मध्ये सुरू केलं. सादो बेटावरचं 'कोदो' हे पथक पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर आलं ते १९८१ मध्ये बर्लिनला. कोरियातला सामुल्नोरी हा चार वाद्यांचा प्रकार १९७८ मध्ये सोलच्या एका छोट्या नाट्यगृहात जन्मला. स्पेनच्या फ्लॅमेंकोत हमखास दिसणारा काहोन, म्हणजे वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी, मूळचा पेरूचा. पाको दे लुसिया यांनी तो १९७०च्या दशकाच्या अखेरीस फ्लॅमेंकोत आणला. म्हणून निवेदकांनी सरसकट 'प्राचीन' म्हणणं टाळावं. ज्या माणसांनी अंगणातलं मंचावर आणलं, त्यांची नावं घेतली तर प्रेक्षकांना जास्त मिळतं.

प्रश्न : मंचावर वीस-पंचवीस वादक असतात. प्रत्येकाला माइक दिला तरी आवाज गढूळ होतो, जेंबेचा बास तर ऐकूच येत नाही. काय चुकतं?

प्रत्येकाला माइक देणं, हेच चुकतं. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजण्याआधीची मोकळीक सुमारे ३ डेसिबलने कमी होते. शिवाय प्रत्येक माइक शेजारच्या चार वाद्यांचाही आवाज घेतो. तो आवाज प्रत्येक माइकपर्यंत जरा वेगळ्या वेळी पोहोचतो आणि सगळं एकत्र झालं की ठोक्याची कड बोथट होते. साथीच्या जेंबेंच्या पूर्ण रांगेला वरून टांगलेले दोन माइक पुरतात. स्वतंत्र माइक द्यायचे ते मुख्य जेंबेला, तिन्ही दुनुनना आणि गायकांना. लोखंडी घंटा मुळातच लांब जाते, तिच्यासाठी वेगळा माइक बहुधा लागत नाही.

आता बास. जेंबेचा बास वरच्या पानातून जितका येतो, त्याहून जास्त खालच्या तोंडातून बाहेर पडतो. बसून वाजवणारा वादक जेंबे जमिनीवर सरळ उभा ठेवतो, तेव्हा ते तोंड बंद होतं आणि बास आत कोंडतो. मिक्सरवर कितीही खटपट केली तरी तो परत येत नाही. वाद्य पुढे कलतं करून खालची कड एका बाजूने आठ-दहा सेंटिमीटर उचललेली हवी, किंवा स्टँड हवा. पट्ट्याने गळ्यात अडकवलेल्या जेंबेला ही अडचण नसते. मुख्य जेंबेला दोन माइक लावता आले तर उत्तम : एक पानाच्या कडेपासून १० ते १५ सेंटिमीटरवर, हाताच्या वाटेत न येणारा, आणि दुसरा खालच्या तोंडाजवळ. थाप पडते तेव्हा पान वरच्या माइकपासून दूर जातं आणि खालच्याकडे येतं, म्हणून खालच्या माइकचा ध्रुव मिक्सरवर उलटा करायचा. बटण दाबून-सोडून ऐका. ज्या स्थितीत बास भरीव येतो, ती बरोबर.

पोकळ मंच स्वतःच ढोलासारखा घुमतो. सबवूफर मंचाखाली न ठेवता पुढे जमिनीवर ठेवावेत, दुनुनच्या घोडीखाली जाड रबर टाकावं आणि गायकांच्या माइकवर १०० हर्ट्झखालचा आवाज कापावा. एवढ्याने निम्मा गढूळपणा जातो.

प्रश्न : एका संध्याकाळी तीन-चार पथकं असतील तर क्रम कसा लावावा? मधल्या तयारीत प्रेक्षक उठून जातात.

मांडायला सर्वांत अवघड पथक पहिलं ठेवा. टायको असतील तर ते प्रेक्षक येण्यापूर्वी लावून होतात आणि उचलून न्यायला मांडण्याइतका वेळ लागत नाही. आवाजाची चाचणी उलट्या क्रमाने घ्यावी : शेवटच्या पथकाची आधी, पहिल्याची शेवटी, म्हणजे पहिल्याची मांडणी हलवावी लागत नाही. प्रत्येक पथकाच्या स्टँडच्या जागा वेगळ्या रंगाच्या चिकटपट्टीने आखून ठेवल्या की रात्री अंदाजपंचे शोधत बसावं लागत नाही.

प्रत्येकी ३५ ते ४० मिनिटं आणि मध्ये १५ ते २० मिनिटं धरा. मधल्या वेळात पडद्यापुढे एकटा वादक बसवावा : डफासारखं चौकटीचं वाद्य, रिक (झांजा लावलेली अरबी खंजिरी), घटम. मात्र कानांचा विचार करा. टायकोच्या गडगडाटानंतर कानाची संवेदना काही काळ बोथट राहते, त्यामुळे लगेच म्बिरासारखं, म्हणजे अंगठ्यांनी धातूच्या पट्ट्या छेडायचं, हळवं वाद्य आलं तर ते फिकं वाटतं आणि साउंडवाला ते नको तितकं वाढवतो. म्बिरा टायकोच्याही आधी, पडद्यापुढे घ्या. टायकोनंतर ज्याला स्वतःची धार आहे असं काही आणा, उदाहरणार्थ, फ्लॅमेंकोच्या टाळ्या आणि काहोन.

सामुल्नोरीबरोबर टोपीची लांब फीत फिरवणारे नर्तक असतील, तर फितीची लांबी आधी विचारून तेवढ्या घेरातले सगळे स्टँड आणि वरून लोंबणाऱ्या वायरी काढाव्यात. फीत माइकला अडकली की नर्तकाच्या मानेला हिसका बसतो.

प्रश्न : प्रेक्षक तालावर टाळ्या वाजवायला लागले की वादक वैतागलेले का दिसतात?

मागच्या टाळ्या त्यांना चुकीच्या जागी ऐकू येतात म्हणून. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. मंचापासून ४३ मीटरवर बसलेल्याला ठोका पाव मात्रा उशिरा पोहोचतो. तो त्यावर अगदी बिनचूक टाळी देतो, ती परत मंचावर यायला आणखी पाव मात्रा. म्हणजे वादकाला ती टाळी दोन मात्रांच्या बरोबर मध्ये ऐकू येते! प्रेक्षकाची चूक नाही आणि वादकाचीही नाही.

अशा वेळी मागच्यांनी कानापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवावी. मंचावरचा एखादा नर्तक हात डोक्यावर घेऊन टाळी दाखवत असेल तर त्याच्याबरोबर हात मिळवावेत, निम्मा उशीर तिथेच वाचतो. वादकांनी टाळ्यांकडे कान न देता तळाच्या वाद्याला चिकटून राहावं. हेच गणित मंचावरही लागू आहे. दहा मीटर लांब रांगेत दोन टोकांच्या वादकांत सुमारे २९ मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि जलद लयीत तो जाणवतो. रांग सरळ ठेवण्यापेक्षा कमानीसारखी वळवावी आणि तळाचं वाद्य मध्यात घ्यावं.

टाळी कुठे द्यायची, हेही पाहा. ब्राझीलच्या सांबाच्या पथकात सुरदो या मोठ्या ढोलांपैकी सर्वांत खोल सुराचा दुसऱ्या मात्रेवर वाजतो, पहिलीवर त्याहून उंच सुराचा. जड ठोका म्हणजे सम असं धरून चाललात तर उलटं पडेल. रुंबात मोजायचा तो क्लावे : १६ बारीक मात्रांत १, ४, ८, ११ आणि १३ या जागी पडणारे पाच ठोके. ते हातावर बसले की उरलेली वाद्यं आपोआप सुटी ऐकू येऊ लागतात.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला न्यायचं आहे. कानांना धोका आहे का?

आहे, पण टाळता येण्याजोगा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी ठरवलेली कमाल पातळी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल आहे. कामाच्या जागेसाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा निकष ८५ डेसिबलला आठ तास असा आहे, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ला तास, १००ला फक्त १५ मिनिटं. लहान मुलांसाठी यापेक्षा सावध राहायला हवं.

मुलीला कानांवर बसणारे, डोक्यावरून पट्टी असलेले संरक्षक घाला. केस आणि टोपी मध्ये येऊ देऊ नका, फट राहिली की उपयोग निम्म्यावर येतो. फोमचे बोळे लहान मुलांच्या कानात नीट बसत नाहीत आणि अगदी लहानांच्या तोंडात जाऊ शकतात. मोठ्यांनी मात्र तेच वापरावेत : बोळा बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद दाबून धरा. नुसता कानाच्या तोंडाशी खोचलेला बोळा फारसं काही करत नाही. जागा स्पीकरपासून लांब निवडा. उघड्यावर एका उगमापासूनचं अंतर दुप्पट केलं की पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. मंचाची दोन टोकं, जिथे स्पीकर असतात, तिथे मुलांना उभं करूच नये.

प्रश्न : अनवाणी नाचणाऱ्या पथकासाठी मंच कसा असावा?

काँक्रीटवर थेट नाचवू नका, झेपांचा सगळा मार नडगीला आणि गुडघ्याला बसतो. चौकटीवर १८ मिलिमीटर प्लायवूडचे दोन थर द्यावेत, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नयेत आणि स्क्रूची डोकी पूर्ण आत बसवावीत. संध्याकाळी दव पडतं, ते डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक पथकाआधी तळहात फिरवून पाहावा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यावं. फ्लॅमेंकोच्या बुटांना टाचेला आणि चवड्याला खिळे असतात, त्यांच्यासाठी वेगळी लाकडी फळी ठेवावी आणि नंतर उचलावी. नर्तकांच्या पायातलं एखादं घुंगरू सुटून पडलं असेल, तर ते पुढच्या अनवाणी नर्तकाच्या टाचेखाली येतं. झाडू मारल्यावर लोहचुंबक फिरवला की सुटलेल्या पिनाही निघतात.

प्रश्न : शेवटी प्रेक्षकांना वाद्यं घेऊन मंचापुढे बोलावतात. पाच मिनिटांत नुसता गोंगाट होतो. सुरळीत कसं चालवावं?

तळ आधी बांधा. अनुभवी तिघांकडे दुनुन किंवा सुरदो द्या आणि इतर कोणाला बोलावण्यापूर्वी दोन मिनिटं फक्त तेच वाजू द्या. मग लोकांना एकेका गटाने घ्या : खुळखुळे, घंटा, शेवटी जेंबे. सगळ्यांना चार मात्रांचा एकच साधा ठेका द्यावा. चालकाने तीनच खुणा सुरुवातीला दाखवून सराव करून घ्यावा : हात खाली म्हणजे आवाज कमी, हात वर म्हणजे आवाज वाढवा आणि मूठ म्हणजे चार मात्रा मोजून थांबा. लय वाढू लागली तर जोर करून ओढू नका. जेंबे थांबवा, तळाची वाद्यं एकटी आठ आवर्तनं चालू द्या आणि मग जेंबे पुन्हा आत घ्या. पंधरा मिनिटं पुरे. लोकांना आणखी वाजवायचं असतानाच मूठ दाखवावी.